जीव वाचला ना?

ओपीडीच्या खोलीत भिंतीवरच्या पांढऱ्या दिव्यावर सीटी स्कॅनची फिल्म लावलेली होती. डॉक्टरांनी पेनाच्या टोकानं उजव्या बाजूवर एक गोल फिरवला आणि म्हणाले, "काका, एकदम क्लीन. काही नाही." माझे मामा फिल्मकडे बघतच नव्हते. उजव्या काखेखाली सदऱ्यावरून तळहात घट्ट दाबून बसले होते. "ते बरं झालं हो डॉक्टर," ते म्हणाले, "पण इथं भगभगतं. रात्रभर. सदरा घासला तरी सोसत नाही." डॉक्टर काही वाईट माणूस नव्हते. बाहेर बाकांवर सकाळपासून ताटकळलेली माणसं होती. त्यांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला, तोही डाव्या, म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि म्हणाले, "जीव वाचला ना काका? एवढं मोठं ऑपरेशन. थोडंफार राहणारच."

मामा ओशाळले. ते एसटीत कंडक्टर होते. सुटे नसले की तिकिटामागं राहिलेले पैसे लिहून द्यायचे, आणि उतरताना ते मागायला लाजणारे उतारू त्यांनी जन्मभर पाहिले होते. त्या दिवशी ते स्वतः तसे दिसत होते. फाईल उचलली, नमस्कार केला, बाहेर आलो.

त्या वाक्यावर मी बरेच दिवस अडकून पडलो आहे. "जीव वाचला ना?" हा प्रश्न नाही. त्याला "हो" याखेरीज उत्तर नाही, आणि "हो" म्हटलं की पुढचं बोलणं संपतं. डॉक्टरच असं म्हणतात असंही नाही. मामी म्हणतात, शेजारी म्हणतात, मीही म्हटलं आहे. मला इथं एवढंच मांडायचं आहे की फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी छाती उघडल्यावर मागं राहणारं दुखणं हा वाचलेल्या जिवावरचा किरकोळ कर नाही. तो स्वतंत्र आजार आहे. त्याला नाव आहे, कारण आहे, बऱ्याच अंशी इलाज आहे. आणि तो उपचार मिळत नाही याचं मोठं कारण आपण त्याला कृतघ्नपणा समजतो, हे आहे.

आधी एक विचित्र गोष्ट लक्षात घ्यावी लागते. फुप्फुस दुखत नाही. त्याच्या आतल्या भागाला आपण ज्याला वेदना म्हणतो ती कळवणारी व्यवस्थाच जवळजवळ नाही. दुखतं ते छातीच्या भिंतीला आणि तिच्या आतल्या अस्तराला. त्यामुळं लवकर सापडलेली, म्हणजे ऑपरेशन करता येण्याजोगी गाठ बहुधा दुखत नसतेच. मामांची गाठ मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी काढलेल्या छातीच्या एक्स-रेत दिसली. त्या दिवशी ते स्वतःच्या पायांनी, मिसळ खाऊन, तपासणीला गेले होते. आजार दुखत नव्हता. दुखतो आहे तो इलाज. घरच्यांना हे उलटं गणित पचत नाही, आणि खरं सांगायचं तर रोग्यालाही पचत नाही.

आता छाती उघडतात म्हणजे काय करतात ते पाहू. जुन्या पद्धतीचा छेद पाठीवर खांद्याच्या फऱ्याच्या खालून सुरू होतो आणि काखेखालून वळून पुढं छातीपर्यंत येतो. स्नायू कापतात किंवा बाजूला सारतात. मग दोन बरगड्यांच्या मधल्या फटीत पोलादी पसरणी घालतात. तिच्या दांड्याला दाते असतात, आणि हँडल फिरवलं की दाता-दाता करत बरगड्या दूर जातात. हे हत्यार अर्जेंटिनाच्या एन्रिके फिनोकिएत्तो या सर्जनच्या नावानं आजही जगभर ओळखलं जातं. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला आतून एक पन्हळ असते. त्या पन्हळीतून शीर, धमनी आणि मज्जातंतू असे तिघं एकाखाली एक जातात. मज्जातंतू सगळ्यांत खाली, म्हणजे सगळ्यांत उघड्यावर. पसरणीचा दाब त्याच्यावर येतो, तो ताणला जातो, शेवटी बरगड्या परत जवळ आणणारे टाके घालताना कधी त्यातच आवळला जातो. सर्जन कितीही कुशल असो, त्या अरुंद गल्लीत या तंतूला धक्का न लावता वावरणं अवघड आहे.

हात मोडला तर प्लास्टर घालून सहा आठवडे गप्प ठेवता येतो. छातीला गप्प ठेवता येत नाही. माणूस मिनिटाला पंधरा श्वास घेतो असं धरलं तर दिवसाचे २१,६०० होतात. समर्थांनी दासबोधात अजपाजपाचा, म्हणजे श्वासागणिक होणाऱ्या जपाचा, हिशेब हाच दिला आहे. त्यांनी तो नामस्मरणासाठी दिला. मला तो मामांच्या पाचव्या-सहाव्या बरगडीसाठी आठवतो. दुखावलेला तंतू दिवसातून एवढ्या वेळा हलतो, आणि खोकला, शिंक, हसू वेगळंच.

पुष्कळ जणांचा तंतू हळूहळू शांत होतो. काहींचा होत नाही. तो बिघडलेल्या घंटीसारखा, कुणी दाराशी नसताना वाजत राहतो. पुढं मज्जारज्जू आणि मेंदूतली व्यवस्थाही त्या आवाजाला सरावून जास्त तिखट होते. मग हलका स्पर्श सुद्धा वेदना म्हणून पोचतो. म्हणूनच मामांना सदऱ्याचं कापड सोसत नाही आणि तळहात घट्ट दाबला की बरं वाटतं. बनियन ते उलटं घालतात, शिवण बाहेर. पंख्याखाली झोपत नाहीत. बघणाऱ्याला हे नाटक वाटू शकतं, कारण एवढ्याशा वाऱ्यानं कुणाचं दुखतं का? दुखतं.

वैद्यकाला हे केव्हा कळलं? फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी अख्खं फुप्फुस काढून रोगी वाचल्याची पहिली मोठी घटना १९३३ ची, अमेरिकेतल्या सेंट लुईसची. सर्जन इव्हार्ट्स ग्रॅहॅम. रोगी स्वतः डॉक्टर होता. ग्रॅहॅम यांनी फुप्फुसाबरोबर त्याच्या बऱ्याच बरगड्याही काढल्या, कारण रिकामी झालेली पोकळी मिटवायची होती. तो रोगी १९६३ पर्यंत जगला. १९५० साली धूम्रपान आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवणाऱ्या गाजलेल्या अभ्यासात ग्रॅहॅम यांचं नाव आहे. ते स्वतः सिगारेट ओढत, आणि १९५७ साली फुप्फुसाच्याच कॅन्सरनं गेले. सर्जन आधी गेला, रोगी मागं राहिला. ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात आवडीनं सांगतात, आणि सांगताना वर्षं मोजतात. बरगड्यांशिवाय त्या माणसानं ती तीस वर्षं कशी काढली, कुशीवर कसा झोपला, हे गोष्टीत येत नाही. तेव्हापासून या शाखेचं मोजमाप तेच राहिलं: किती जगला.

दुखण्याची नोंद युद्धानं करायला लावली. दुसऱ्या महायुद्धात छातीला जखमा झालेल्या सैनिकांची ऑपरेशनं झाली, आणि १९४४ मध्ये अमेरिकी लष्करी सर्जनांनी लिहून ठेवलं की जखम भरल्यावरही बरगड्यांमधलं दुखणं जात नाही. पुढं त्याची व्याख्या झाली: छाती उघडल्याच्या व्रणाच्या रेषेत किमान दोन महिने टिकणारं किंवा पुन्हा उद्भवणारं दुखणं. तरी ऑपरेशनमुळं दीर्घकाळ दुखू शकतं ही साधी गोष्ट मोठ्या प्रमाणावर आकड्यांत दिसायला १९९८ उजाडलं. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमधल्या दहा वेदना-क्लिनिकांतल्या ५,१३० रोग्यांची पाहणी झाली. त्यांतल्या २२.५ टक्क्यांच्या दुखण्याचं एक कारण पूर्वीचं ऑपरेशन निघालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत शस्त्रक्रियेनंतरच्या दीर्घ वेदनेला स्वतःची जागा मिळाली ती अकराव्या आवृत्तीत, जी २०२२ च्या जानेवारीत लागू झाली. मामांची तक्रार "थोडंफार राहणारच" नव्हती. ती त्या यादीतली एक नोंद होती.

किती जणांना होतं? निरनिराळ्या अभ्यासांची एकत्र गोळाबेरीज २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. छाती उघडून ऑपरेशन झालेल्यांपैकी तीन महिन्यांनी सुमारे ५७ टक्के आणि सहा महिन्यांनी ४७ टक्के लोकांना दुखत होतं. सगळ्यांचं तीव्र नसतं, बहुतेकांचं सोसण्याजोगं असतं, हे खरं. पण दोघांतल्या एकाला होणारी गोष्ट ऑपरेशनआधी सांगितली जात नाही, याला काय म्हणायचं? संमतीच्या कागदावर रक्तस्राव होता, न्यूमोनिया होता, मृत्यूही होता. त्या कागदावर मीच सही केली, म्हणून मला पाठ आहे. दुखण्याची ओळ नव्हती.

यावर एक आक्षेप मी एका सर्जन मित्राकडून ऐकला, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. तो म्हणाला, आपल्याकडं फुप्फुसाचा कॅन्सर बहुतेकांचा उशिरा कळतो. कित्येकांना आधी टीबी समजून महिनोन्‌महिने टीबीच्या गोळ्या दिलेल्या असतात. येतात तेव्हा ऑपरेशनची वेळ गेलेली असते. जे मोजके वेळेत येतात त्यांना मी "वर्षभर भगभगेल" असं सांगून पळवून लावू? शिवाय आधीच धास्ती घातली तर दुखणं वाढतं. हा शेवटचा मुद्दा बरोबर आहे. भीती आणि दुखणं एकमेकांना खतपाणी घालतात हे संशोधनानं दाखवलं आहे.

पण मामांना आधी सांगितलं असतं तर त्यांनी सही नाकारली असती का? मी त्यांना विचारलं. "वेडा आहेस का," म्हणाले, "मरणापुढं हे काय." फरक पडला असता तो दुसरीकडं. ऑपरेशननंतरच्या चौथ्या महिन्यात ते रोज रात्री उठून दिवाणखान्यात बसत आणि आम्हाला वाटे झोप लागत नाही म्हणून बसतात. त्यांना खात्री झाली होती की कॅन्सर परत आला आहे आणि डॉक्टर लपवताहेत. स्कॅन स्वच्छ आणि दुखणं जिवंत, मग खोटं कोण बोलतंय? ते स्कॅनला खोटं मानत होते. त्या दिवसांत त्यांनी मला न सांगता बँकेच्या खात्यांना वारस लावून घेतले. दोन वाक्यांत टळला असता हा प्रकार. धास्ती न सांगितल्यानंही बसते, आणि जास्त बसते.

मोजकेच भाग्यवान वेळेत येतात, हे म्हणणं मला दुहेरी वाटतं. भाग्यवान म्हटलं की तक्रार करायची सोय राहत नाही. त्यात विडी ओढणारा असला तर दुप्पट अडचण. मामांनी पस्तीस वर्षं विडी ओढली, आणि दुखायला लागलं की ते स्वतःच म्हणतात, "भोग आहेत." आपल्या भाषेत हा शब्द फार सोयीचा आहे. भोग म्हटलं की औषध शोधायची गरज उरत नाही.

आता माझ्या आवडीच्या जागेवर येतो, म्हणजे शब्दांवर. दवाखान्यात विचारतात, "दहापैकी किती दुखतं?" मामा म्हणाले चार. नंतर म्हणाले, सात म्हटलं असतं तर पुन्हा ॲडमिट केलं असतं. आकडा हा सौदा झाला, माहिती नव्हे. खरी माहिती "किती"पेक्षा "कसं" मध्ये असते, आणि हे काही माझं भाषाप्रेम नाही. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये वेदना सांगणारे ७८ शब्द वीस गटांत लावून वेदनेची प्रश्नावली केली, कारण जळणारं, टोचणारं आणि ठणकणारं दुखणं शरीरात वेगवेगळं असतं. पुढं फ्रेंच डॉक्टरांनी मज्जातंतूचं दुखणं ओळखायला दहा मुद्द्यांची एक छोटी चाचणी केली. त्यात विचारतात: जळजळतं का, गार पडल्यासारखं दुखतं का, विजेचा झटका बसतो का, मुंग्या येतात का, सुया टोचतात का, बधिर वाटतं का, खाज येते का. मग त्या जागी हलका स्पर्श करून बघतात. दहापैकी चार हो आले तर संशय मज्जातंतूवर.

ही यादी वाचताना मला आमच्या आजीचं बोलणं ऐकू आलं. ठणका वेगळा, ठुसठुस वेगळी, कळ वेगळी. चमक येते आणि जाते, उसण भरते आणि धरून बसते. भगभग, चुरचुर, रवरव, सणक. आपल्याकडं हे शब्द कुणी शिकवावे लागत नाहीत. जखमेतला पू ठुसठुसतो, दाढ ठणकते, आणि मज्जातंतू भगभगतो, सणक मारतो, मुंग्या आणतो. मामांनी त्या दिवशी "भगभगतं" म्हटलं आणि सदऱ्याचं सांगितलं, तेव्हा अर्धं निदान त्यांनी स्वतःच करून दिलं होतं. फाईलवर मात्र फक्त "पेन" एवढाच शब्द उमटला. आणखी एकदा त्यांनी मला सांगितलं, "तिकिटाला पंच मारायचो ना, तसं आतून कुणीतरी टक्कन मारतं. मग शांत. मग परत टक्कन." विजेच्या झटक्याचं याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही.

शब्दावर इलाज ठरतो, म्हणून हे महत्त्वाचं. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या सूज-ठणक्यावर चालतात. तंतूच्या भगभगीवर त्या फारशा लागू पडत नाहीत आणि महिनोन्‌महिने घेतल्या तर मूत्रपिंड आणि पोट बिघडवतात. मामांनी सहा महिने त्याच खाल्ल्या. तंतूवर चालणारी औषधं वेगळी: ॲमिट्रिप्टिलीन, ड्युलॉक्सेटिन, गॅबापेंटिन, प्रेगाबालिन. यांतली पहिली दोन मूळची उदासीनतेची, पुढची दोन फिट्सची. इथं घात होतो. औषधाच्या दुकानात कुणीतरी सांगतं, किंवा नातू मोबाईलवर शोधतो, आणि घरात बातमी होते: "डॉक्टरांनी डोक्याची गोळी दिली." म्हणजे दुखणं खोटं, मनाचं. गोळी बंद. खरं तर याच रसायनांनी तंतूंची बडबड कमी होते, म्हणून ती देतात. हे सांगायला अर्धं मिनिट लागतं. शिवाय पहिले काही दिवस गुंगी येते, डोस हळूहळू वाढवायचा असतो, आणि सगळ्यांना गुण येत नाही, हेही त्याच अर्ध्या मिनिटात बसतं. गोळ्यांपलीकडं त्या जागी लावायचे बधिरीकरणाचे पॅच आहेत, तंतूभोवती द्यायची इंजेक्शनं आहेत, आणि खांदा आखडू नये म्हणून फिजिओथेरपी आहे. दुखतं म्हणून हात अंगालगत धरून बसलं की खांदा गोठतो, आणि मग दुखणी दोन होतात.

दुर्बिणीनं ऑपरेशन केलं तर हा प्रश्नच मिटेल, असं अनेकांना वाटतं. दुर्बिणीनं फरक पडतो. डेन्मार्कमध्ये २०६ रोग्यांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत दुर्बिणीच्या गटाला पहिल्या वर्षात कमी दुखलं आणि त्यांचं रोजचं जगणं जास्त चांगलं होतं. बरगड्या पसरवाव्या लागत नाहीत, हे उघड कारण. पण नळ्याही दोन बरगड्यांच्या मधूनच जातात, त्याच पन्हळीपाशी. दुखणं कमी होतं, शून्य होत नाही. शिवाय प्रत्येक गाठ दुर्बिणीनं निघत नाही.

त्याहून स्वस्त गोष्ट पहिल्या आठवड्यात दडलेली आहे. ऑपरेशननंतरच्या दिवसांत ज्यांना जास्त दुखतं, त्यांचं दुखणं पुढं जास्त टिकतं, हे अभ्यासांतून दिसलं आहे. पाठीच्या कण्यातून दिलेल्या एपिड्युरल भुलीमुळं छातीच्या ऑपरेशननंतरचं दीर्घ दुखणं कमी होतं, असा आधारही आहे: साधारण सात जणांना ती दिली तर एकाचं टळतं. सात जणांत एक हा आकडा डोळे दिपवणारा नाही, पण पुढच्या अनेक वर्षांची ती गोष्ट आहे. आणि आपण वॉर्डात काय म्हणतो? "दोन-चार दिवस सोसा." मामा आयसीयूत दात आवळून सोसत होते, आणि आम्ही बाहेर येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांच्या सहनशक्तीचं कौतुक सांगत होतो.

दुखणं राहिलंच तर जायचं कुठं, हा आणखी एक घोळ. कॅन्सरचे डॉक्टर म्हणतात, कॅन्सर नाही. गावातले डॉक्टर म्हणतात, कॅन्सरवाल्यांना दाखवा. वेदनेवर उपचार करणारे विभाग मोठ्या रुग्णालयांत आहेत, पण त्यांच्या दारावर कधी "पॅलिएटिव्ह" लिहिलेलं असतं. वांद्र्याच्या शांती अवेदना सदनासारख्या संस्थांनी १९८६ पासून अखेरच्या टप्प्यातल्या रोग्यांची जी सेवा केली ती मोठीच आहे, पण त्यामुळं लोकांच्या मनात हा शब्द मरणाशी जोडला गेला. मामींनी ती पाटी वाचली आणि तिथल्या तिथं रडायला लागल्या. मामा बरे झाले होते. त्यांना तिथं फक्त भगभग घालवायची होती.

एक सावधगिरी सांगितली पाहिजे. शांत होत आलेलं दुखणं नव्यानं वाढलं, जागा बदलली, रात्री हाडात ठणकू लागलं, वजन उतरू लागलं किंवा खोकल्यातून रक्त आलं, तर ते व्रणाचं म्हणून सोडून देऊ नये. तेव्हा तपासणी हवीच. दुखण्याकडं दुर्लक्ष करायची सवय लागली की अशा वेळीही दुर्लक्ष होतं, हे "जीव वाचला ना"चं सगळ्यांत महाग पडणारं रूप.

मामांना शेवटी एका भूलतज्ज्ञ बाईंनी हात दिला. त्यांनी मामांना आकडा विचारला नाही. कापसाचा बोळा व्रणाच्या कडेनं हलकेच फिरवला, मामा दचकले, आणि बाई म्हणाल्या, "हं. हे तंतूचं आहे." मामांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता. अजून कुठलंच औषध पोटात गेलं नव्हतं. आता दोन वर्षं झाली. दुखणं पूर्ण गेलेलं नाही, पण रात्री ते झोपतात, आणि बनियन सरळ घालतात.

घरात कुणाची छाती अशी उघडली गेली असेल, तर आज जेवताना त्यांना "दुखतं का?" विचारू नका, ते "नाही" म्हणतील. "कसं दुखतं?" विचारा. जो शब्द येईल तो त्यांच्याच तोंडचा, जसाच्या तसा कागदावर लिहा, आणि पुढच्या खेपेला तो कागद फाईलच्या सगळ्यांत वर लावून डॉक्टरांपुढं ठेवा.